डावी मोकळी

"झोपलीस का गं, कंडक्टर? डावी?"

"मोकळी!" मी दचकून म्हणाले.

"उजवी मोकळी," म्हणत आत्याने गाडी उतारावर सोडली.

आत्या आरोग्य खात्याची गाडी चालवायची. मागे लशींच्या थंड पेट्या, पुढे ती एकटी आणि रानातून जाणारा, कुंपण नसलेला लांबलचक रस्ता. दोन्ही अंगांना काटेरी झुडपं, मध्येच एखादा कोरडा ओढा, फोनला रेंज नाही. त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीची भीती नसते, कारण ती येतच नाही. भीती बाजूंची असते. हरीण, रानडुक्कर, कधी कोल्हा झुडपातून निघतो आणि थेट चाकासमोर येतो.

शाळेला सुट्टी लागली की मी आत्याच्या डावीकडच्या सीटवर असायचे. तिथे बसायचं तर काम करावं लागे. डावी बाजू माझी, उजवी तिची. झुडपं रस्त्याला खेटली की दोघींनी आपापली बाजू मोठ्याने सांगायची. जनावर दिसलं तर फक्त "आहे" म्हणायचं. एकदा मी "अय्या, किती गोड!" म्हणाले होते, तर ब्रेक दाबून झाल्यावर ती म्हणाली होती, "गोड नंतर. आधी आहे." दुसरा नियम थांबण्याचा. एक जनावर रस्ता ओलांडून गेलं तरी गाडी हलवायची नाही, मागून दुसरं येतं. मला त्या वयात हे थांबणंच सर्वांत आवडायचं. इंजिन गुरगुरत असायचं, आत्या स्टिअरिंगवर हनुवटी टेकायची आणि आम्ही दोघी कोणाची तरी वाट बघायचो.

हे नियम आले ते एका रानडुकरामुळे. मी जन्मायच्या आधी ते डावीकडून आलं आणि गाडी ओढ्यात गेली. आत्याचा हात मोडला. पण ती गोष्ट सांगताना हात कधीच यायचा नाही. "सगळी लस गरम झाली गं," एवढंच ती म्हणायची. "फेकून द्यावी लागली. पोरं वाट बघत बसलेली."

आता मी प्राणिशास्त्रात पदवी घेतली होती आणि पुढच्या महिन्यात दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत रुजू होणार होते. "जायच्या आधी एक चक्कर," असं मीच म्हटलं. गाडी तीच होती. सीटच्या फाटक्या कोपऱ्यात मी लहानपणी बोट घालून घालून मोठं केलेलं भोक होतं. डिझेलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वासही तोच.

पहिल्या केंद्रावरची नर्स पेटी उतरवून घेताना म्हणाली, "भाची वाटतं? बघ बाई, आत्याला नीट सांभाळ. उजव्या अंगाला केवढं खरचटलंय गाडीला!"

"फाटकाचा खांब सरकलाय," आत्या म्हणाली.

"गेल्या खेपेला पाण्याची टाकी सरकली होती."

"तुमच्याकडे काही म्हणजे काही जागेवर राहत नाही, सिस्टर. तुम्ही तरी राहा."

दोघी हसल्या. मीही हसले, पण गाडीत बसण्याआधी मी उजव्या बाजूने एक फेरी मारली. ओरखडे नवे-जुने असे एकावर एक होते. डावी बाजू स्वच्छ होती.

दुपारी झाडाखाली जेवायला थांबलो. लशींच्या पेटीत खासगी काही ठेवायचं नाही, हा आत्याचा कडक नियम. म्हणून तिने स्वतःच्या डब्याच्या खालच्या पुडात बर्फाची पिशवी ठेवली होती आणि तिच्यात एक इवलीशी बाटली. मान मागे टाकून तिने दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.

"धूळ फार जाते," ती म्हणाली.

धुळीच्या औषधाला बर्फ लागत नाही. मी बाटली उचलून नाव वाचलं. काचबिंदूचं औषध होतं. या आजारात समोरचं बरेच दिवस नीट दिसत राहतं, नजर कडांकडून झिजत जाते. मी बाटली परत बर्फावर ठेवली. आत्या पोळीचा तुकडा मोडत होती.

निघालो. झुडपं पुन्हा जवळ आली.

"डावी मोकळी," मी म्हणाले.

"उजवी मोकळी."

उजवीकडे, रस्त्याच्या अगदी काठाला, हरणाचा एक मोठा नर उभा होता. शिंगांसकट. त्याने पुढचा पाय डांबरावर टाकला होता.

"आहे!" मी ओरडले. "उजवीकडे, आत्या!"

तिने ब्रेक दाबला. मागे पेट्या एकमेकींवर आदळल्या. नर तिच्या दारापासून हातभर अंतरावरून मागे फिरला आणि झुडपांत शिरला.

इंजिन बंद पडलं होतं. आत्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"तुझी बाजू डावी आहे," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून बघतेस माझी बाजू?"

"जेवल्यापासून."

ती खाली उतरली. मागचं दार उघडून तिने एकेक पेटी सरळ केली, झाकणं दाबून पाहिली. मग तिथेच, माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली.

"समोरचं लख्ख दिसतं मला. तो लांबचा दगड आहे ना, त्यावरचा आकडा वाचून दाखवू? पण बाजूंनी, उजवीकडून जास्तच, कोणीतरी पडदे ओढल्यासारखं झालंय. डॉक्टर म्हणाला, गाडी बंद करा. मी म्हटलं, बघू."

"मग हे 'उजवी मोकळी' काय आहे, आत्या?"

"सवय आहे गं." तिने एका पेटीचं झाकण पुन्हा दाबलं. "आणि सांगितलं तर काय करतील ते लोक? औषधांच्या खोलीत बसवतील. चार भिंती. तिथे कोण येणार आहे आडवं?"

ती दार लावून माझ्या खिडकीशी आली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"सरक तिकडे. पुन्हा एकदा लस गरम झालेली मला बघवणार नाही."

"सरकारी गाडी आहे. मी कशी चालवू?"

"शिकलीस कुठल्या गाडीवर? उद्या ऑफिसात मी सगळं सांगते. मीच सांगणार, तू मध्ये पडायचं नाहीस."

मी उजवीकडे सरकले. आत्या डावीकडे चढली, सीटवर नीट मागे सरकून बसली आणि समोर बघत म्हणाली, "इथून बॉनेट किती रुंद दिसतं गं! मी कधी बसलेच नाही इकडे." तिचं बोट नकळत त्या फाटक्या कोपऱ्यातल्या भोकाशी गेलं. "ही तुझी करामत वाटतं."

ऊन उतरायला लागलं होतं. हरणं पाण्याकडे निघायची ही वेळ.

"डावी?" मी विचारलं.

तिने अख्खी मान वळवली, समोरून मागेपर्यंत, सावकाश. "मोकळी."

मीही एकदा बघून घेतलं. खरंच मोकळी होती.

कोरड्या ओढ्याच्या अलीकडे तिने पुन्हा मान वळवली आणि म्हणाली, "मोकळी." तिची मान समोर आली आणि त्याच वेळी डावीकडच्या झुडपातून एक मादी बाहेर आली. मी काही न बोलता वेग कमी केला आणि गाडी थांबवली. का थांबलीस, असं आत्याने विचारलं नाही. मादी काचेसमोरून गेली. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. समोर न वळता तिने आम्हाला पाहिलं असणार.

ती पलीकडे गेली तसा मी गिअर टाकला.

"थांब," आत्या म्हणाली. "दुसरं यायचंय."

मी गिअर काढला. आत्याने हनुवटी डॅशबोर्डवरच्या हातांवर टेकली. इंजिन गुरगुरत होतं.

मग पाडस आलं. मला ते झुडपात असल्यापासून दिसत होतं. आत्याला ते काचेच्या मध्यावर आल्यावर दिसलं.

"आलं!" ती म्हणाली. "अय्या, किती गोड!"

पाडस रस्त्यात थबकलं, कान हलवले आणि पुढे निघालं.

"गेलं," आत्या हलकेच म्हणाली. "चल आता."

ते अजून रस्त्यावरच होतं, माझ्या बाजूला. मी क्लच दाबून तशीच बसून राहिले.