झबल्याच्या गळ्यावरील शिक्का

रविवारी बाळाचा बाप्तिस्मा होता, आणि शनिवारी दुपारी त्याच्या पांढऱ्या झबल्याला इस्त्री करीत असताना चुन-ए यांच्या दृष्टीस गळ्याच्या आतील बाजूस उमटलेला तांबडा शिक्का पडला. सुपारीएवढाच होता, परंतु त्यावर गल्लीच्या टोकाशी असलेल्या देवळाचे नाव स्वच्छ वाचता येत होते.

असा शिक्का कशाचा, हे तैवानातील ताइनान शहरात शाळकरी पोरालाही विचारावे लागत नाही. मूल दचकले आणि त्याचा जीव ठिकाणावर राहिला नाही, की त्याच्या अंगावरचे वस्त्र देवळात नेतात. तेथील निळ्या झग्यातील बायका त्यावर उदबत्ती फिरवितात, भटकलेल्या जिवाला नावाने हाक मारून घरी बोलावतात, आणि काम झाल्याची खूण म्हणून गळ्यावर शिक्का मारतात.

चुन-ए यांनी इस्त्री उभी केली आणि सुनेला हाक मारली.

बी-लान ही त्यांची सून, बाळाची आई. ती उदबत्तीच्या घरात, म्हणजे देऊळ मानणाऱ्या कुटुंबात, जन्मली होती आणि तिची आई शिउ-गिम त्याच देवळात निळा झगा घालून सेवा करीत असे. बी-लानने मात्र लग्नाआधी, स्वतःच्या मनाने, बाप्तिस्मा घेतला होता. तेव्हापासून या घरात तिला माहेरच्या धर्मावरून कोणी शब्दाने दुखविले नव्हते. तथापि न बोललेला टोमणाही कानाला ऐकू येतो, आणि बी-लानचे कान त्या बाबतीत फार तिखट झाले होते. झबले पाहताच दोष कोणावर येणार, हे तिने ओळखले.

बाळ दचकले होते ही गोष्ट खरी. देवळाची मिरवणूक खिडकीखालून गेली, फटाक्यांच्या माळा फुटल्या, आणि तेव्हापासून ते झोपेतून किंचाळून उठू लागले. चुन-ए यांनी उपास करून प्रार्थना केली. सासरे एंग-हुई हे चर्चच्या पंचांपैकी एक. ते पाळण्याशी बसून स्तोत्रे वाचीत. मग मंगळवारी बाळ एकाएकी शांत निजले. बुधवारच्या प्रार्थनासभेत चुन-ए यांनी डोळे पुसत सर्वांसमोर साक्ष दिली की, प्रभूने ऐकले. एंग-हुई त्या वेळी मान खाली घालून बसले होते. लोकांना ती नम्रता वाटली.

"भर सभेत साक्ष दिली मी, सूनबाई," चुन-ए म्हणाल्या. "आता मला तोंडघशी पाडलंस."

"मी नेलं नाही, सासूबाई."

"मग झबलं आपल्या पायांनी चालत गेलं?"

आपली आई सोमवारी पेरू घेऊन आली होती, हे बी-लानला आठवले. स्वतःला सोडवावे तर आईला बुडवावे लागत होते. सासूबाई आवाज न चढविता पुढे बोलत होत्या. उद्या बाप्तिस्म्याच्या पाण्यासमोर आईबापांना विचारतील की, दुसऱ्या देवांना सोडले काय. तेव्हा ही काय सांगणार? खोटे बोलून बाळाचा बाप्तिस्मा नको. पाळकांना कळवून तो पुढे ढकलावा हे बरे. आणि जोवर हिचे मन कोठे आहे ते कळत नाही, तोवर बाळ आजीच्याच खोलीत निजेल. ते शेवटचे वाक्य ऐकताच बी-लान पाळण्याला आड होऊन उभी राहिली.

विहीणबाईंना बोलावणे गेले. शिउ-गिम देवळातून तशाच आल्या. केसांना उदबत्तीचा वास आणि हातात माशाच्या गोळ्यांच्या रश्श्याचे भांडे. झबले पाहून त्यांनी भांडे सावकाश खाली ठेवले.

"उदबत्ती माझ्याच हातची आहे," त्या म्हणाल्या. "पण झबलं मी आणलं नाही आणि माझ्या पोरीनंही नाही."

"मग कोणी?"

"रांगेत उभं राहणाऱ्याचं नाव आम्ही बाहेर सांगत नसतो."

चुन-ए यांना राग आवरेना. देऊळ माणसाला आधी भीती घालते आणि मग तीच भीती काढून देते, असे त्या म्हणाल्या. शिउ-गिम शांतपणे म्हणाल्या की, तुम्ही पाण्याने बोलावता, आम्ही धुराने.

"आम्ही बोलावत नाही, विहीणबाई. आमच्यात जीव हरवतच नाही. तो देवाच्या हातात असतो."

"मग बाळ रडत होतं, तेव्हा तुमचा डोळा का लागत नव्हता?"

या प्रश्नाला उत्तर आले ते दारातून. एंग-हुई घड्याळजी होते. खालच्या दुकानातून ते वर आले होते, आणि भिंग अजून कपाळावर तसेच होते.

"झबलं मी नेलं," ते म्हणाले.

मग त्यांनी सारे सांगितले. मंगळवारी सकाळी टोपी आणि मुखपट्टी चढवून ते रांगेत उभे राहिले होते. जी रांग भराभर सरकत होती तीच त्यांनी धरली आणि नजर जमिनीवर ठेवली. पाळी आल्यावर मान वर केली, तो समोर विहीणबाई. पळून जावे, तर मागे अर्धी गल्ली उभी. शिउ-गिम यांनी परक्या माणसाला विचारावे तसे मुलाचे नाव विचारले, पत्ता विचारला, उदबत्ती फिरविली, शिक्का मारला आणि 'पुढचा' म्हणून हाक दिली. घाईत आपण बाप्तिस्म्याचेच झबले उचलले, हे मात्र त्यांना आत्ता कळत होते. आदल्या दिवशी मापासाठी तेच बाळाच्या अंगात घातले होते.

"शास्त्र शिकवता तुम्ही लोकांना," चुन-ए हळू म्हणाल्या.

"शिकवतो. पण पोर निळं पडेस्तोवर रडलं, आणि सगळं विसरलो. देवळावर माझा विश्वास बसला नव्हता गं. मी भ्यालो होतो. उद्याचा दिवस पार पडला की सांगेन म्हणत होतो. पण हे सूनबाईच्या नावावर चिकटलं, तर पंचांच्या बाकावर मी कोणत्या तोंडानं बसू?"

मनुष्य आपल्या देवाला क्वचितच सोडतो. त्याच्याकडे जाण्याची वाट मात्र भीतीच्या अंधारात त्याला दिसेनाशी होते. एंग-हुई यांनी त्याच क्षणी पाळकांना फोन लावला. पंचांचा पुढचा बाक सोडून काही काळ मागच्या बाकावर बसण्याची परवानगी त्यांनी स्वतःच मागितली, आणि ती मिळाली. पाळकांनी आणखी एकच गोष्ट विचारली: घरात कोणी सुनेला दोष तर दिला नाही ना? एंग-हुई यांनी बायकोकडे पाहिले. चुन-ए यांनी मान खाली घातली. बाप्तिस्मा आजोबांच्या हिमतीवर होत नाही, उद्याच होईल, असे सांगून पाळकांनी फोन ठेवला.

डोळ्यांतले पाणी पुसण्याचे बी-लानला भान राहिले नाही.

चुन-ए यांनी झबल्याला लिंबू लावून पाहिले. शिक्का गुलाबी झाला, पण गेला नाही. तेव्हा त्यांनी झबले तसेच सुनेच्या हातात दिले.

"उद्या तूच घाल त्याला. आणि चुकले मी, पोरी. बुधवारी उभी राहून साक्ष दुरुस्त करीन."

शिउ-गिम भांडे उचलून निघाल्या होत्या. दाराशी त्या घुटमळल्या आणि विचारू लागल्या की, उद्या बाहेर अंगणात उभे राहून नातवाला पाहिले तर चालेल काय. अंगाला उदबत्तीचा वास येतो.

"अंगणात कशाला?" चुन-ए म्हणाल्या. "पुढच्या बाकावर बसा. ह्यांची जागा रिकामीच आहे."

एंग-हुई यांनी कपाळावरचे भिंग उगाच डोळ्यावर ओढले. बी-लान हसली, आणि पाळण्यात बाळाने कूस बदलली. ते जागे झाले नाही.