हवेची चावी

"भाजणीतच कच्च्या राहिल्या असणार," असं म्हणत मॅडमनी तडकलेली मातीची नळी ट्रेमध्ये ठेवली. बाराच्या बारा नळ्या गेल्या होत्या.

त्या बनवणारी ताई समोर उभी होती. "भट्टीचं तापमान मी तीनदा तपासलं होतं," ती म्हणाली.

"मग फुटल्या कशा?"

याचं उत्तर बर्नरच्या मिस्त्रींकडे होतं, आणि मिस्त्री बॉयलरमागे मूग गिळून बसले होते.

बॉयलर तसा कपाटाएवढाच. पाणी तापवता तापवता घरापुरती वीजही काढायची, असा मॅडमचा बेत. त्यासाठी ज्योतीला मुद्दाम हवा कमी द्यायची. अर्धवट जळलेला गॅस मातीच्या त्या बारीक नळ्यांवरून गेला की वीज निघते, आणि उरलासुरला पुढे जळून पाणी तापवतो. ज्योतीला उपाशी ठेवणं मिस्त्रींच्या जिवावर आलं होतं, पण तेही ते शिकले. घोटाळा झाला तो बंद करताना.

चौतीस वर्षं त्यांचा एकच शिरस्ता. गॅस बंद केला, की हवेची मोठी चावी उघडायची आणि आत साचलेला गॅस बाहेर घालवायचा. जुन्या कारखान्यात एकदा जोडीदार हे विसरला आणि पुन्हा पेटवताना एक डोळा गमावून बसला. तेव्हापासून मिस्त्रींचा हात डोक्याला विचारायला थांबत नसे. इथे मात्र नळ्या गार होईपर्यंत फक्त नायट्रोजन सोडायचा होता. लालबुंद नळीला हवा लागली की ती संपलीच. काल दुपारी गॅस बंद झाला आणि हात सवयीने चावीवर गेला. चूक कळून चावी परत बंद करेपर्यंत आत नळ्या तडकल्याची टकटक सुरू झाली होती. हातच्या चावीची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही.

"पुढच्या नळ्या बाहेरून मागवू," मॅडम ताईला म्हणाल्या. "तुमचं काम या महिन्यापुरतंच."

ताईने हातमोजे काढून त्यांची नीट घडी घातली. ते बघून मिस्त्रींना स्वतःची किळस आली. ते उठून पुढे आले.

"मॅडम, नळ्या चांगल्या होत्या. मी हवा सोडली. गॅस बंद केल्या केल्या."

"मी लिहून दिलं होतं तुम्हाला."

"दिलं होतं. भिंतीला मीच चिकटवलंय."

"मग सकाळपासून गप्प का होतात?" हे ताईने विचारलं.

"लाज वाटली."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नव्या बारा लागतील," त्या ताईला म्हणाल्या. माफी त्यांनी मागितली नाही, मिस्त्रींना काढलंही नाही.

दीड महिन्याने पुन्हा चाचणी झाली. नळ्यांच्या विजेवर लावलेला दिवा चार तास न लुकलुकता जळला. बंद करायच्या वेळी मिस्त्रींनी पान्याने हवेच्या चावीची मूठ उतरवली आणि ताईच्या हातात दिली.

"हे काय?"

"ठेवा तुमच्याकडे. माझ्या हाताचा भरवसा नाही."

त्यांनी गॅस बंद केला, नायट्रोजन सोडला. तरी उजवा हात हवेच्या चावीकडे गेलाच, आणि मूठ नाही हे कळेपर्यंत बोटं दोनदा रिकामीच वळली. ताईने नजर दुसरीकडे वळवली.