फूलिंगच्या पाण्याचं मावंदं

श्रेया चीनहून आली तेव्हा तिच्या बॅगेत लोणच्याची दहा पाकिटं आणि अर्धा लिटर गढूळ पाणी होतं. चीनची भिंत मात्र तिने पाहिली नव्हती, आणि निरगुडसरमध्ये या गुन्ह्याला माफी नव्हती.

"भित न्हाई पाह्यली? मग गेलीस कशाला एवढ्या लांब?" हौशीराम मामांनी विचारलं. हे तिच्या आत्याचे, सरूबाईंचे, यजमान. त्यांनी भिंत टीव्हीवर तीनदा पाहिली होती, त्यामुळे घरात चीनच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच असे.

"फूलिंगला गेले होते मामा. दोन नद्यांच्या संगमावरचं जुनं शहर आहे."

"आन तितं काय मिळतं?"

"लोणचं. मोहरीच्या देठांचं."

"लोणच्यासाठी इमानानं गेली," मामांनी ओसरीवरच्या मंडळींना निकाल सांगितला.

खरं तर श्रेया गाळासाठी गेली होती, पण ते सांगून अब्रू वाढली नसती. भूशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या मुलीला धरणात साचणाऱ्या गाळावर संशोधन करायचं होतं. डिंभे धरणाचा गाळ तिच्याकडे डबे भरून होता. चोंगचिंगच्या परिषदेत दीड दिवस मोकळा मिळाला, तशी ती रेल्वेने फूलिंगला गेली, कारण तिथली नदीही धरणाने फुगलेली. सोमवारी पुण्यात शिष्यवृत्तीची मुलाखत होती. दोन्ही धरणांचा गाळ समोर ठेवला की जागा पक्की, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. त्यांनी हेही बजावलं होतं, "सील शाबूत असेल तर तो नमुना. सील तुटलं की नुसतं नदीचं पाणी."

प्रयोगशाळा शनिवार-रविवार बंद. म्हणून बाटली आत्याच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे. वर चिठ्ठी होती : तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, तापमान. 'हात लावू नये' एवढंच लिहायचं राहिलं. शास्त्रज्ञाला इतकी उघड गोष्ट लिहावी लागत नाही.

शनिवारी जेवताना सरूबाईंनी विचारलं, "नदीची वटी भरलीस का?"

जाताना त्यांनी खण आणि मूठभर तांदूळ दिले होते. नदी कोणाचीही असो, तिच्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही.

"भरली. पण काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मी तांदूळ टाकले, त्याला वाटलं माशांना टाकतेय. आपला गळ उचलून माझ्या शेजारी येऊन बसला."

"घावला का मग मासा?"

"दोन."

"मंजी पावली नदी," सरूबाई म्हणाल्या.

मग श्रेयाने शहर सांगितलं. तिथे सपाट असं काही नाही, बाजाराला जायचं तरी पायऱ्या. नदीत एक लांब खडक होता, त्यावर बाराशे वर्षांपूर्वीचे दगडी मासे कोरलेले. हिवाळ्यात पाणी उतरलं की मासे दिसत, आणि मासे दिसले की साल चांगलं जाणार असं लोक मानत. मग खाली मोठं धरण झालं आणि खडक कायमचा बुडाला. नदीकाठची जुनी वस्तीही गेली.

सरूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांचं माहेर जुनं आंबेगाव. डिंभे धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. बाकीच्या बायका दिवाळीला माहेरी जातात. आत्या मे महिन्यात जाते, तेही धरण बऱ्यापैकी आटलं असेल तर.

"मग आता ते मासे?"

"सरकारने पाण्याखाली संग्रहालय बांधलंय. सरकत्या जिन्याने खाली जायचं आणि गोल खिडकीतून बघायचं. हिरवं पाणी दिसतं, मासा आहे असं समजून घ्यायचं."

"एवढा खर्च करून?" मामा म्हणाले. "हिच्या आंबेगावचं देऊळ मे मधी आपलं आपण वर येतंय. जिना नाय न् खिडकी नाय."

सरूबाई दही आणायला उठल्या आणि फ्रिजसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. श्रेयाने ते लक्षात घ्यायला हवं होतं. निरीक्षण हाच तर तिचा विषय होता.

रविवारी सकाळी ती मंचरला छायाप्रती काढायला गेली. दुपारी परतली तर अंगणात मांडव, चुलाणावर बेसनाच्या मासवडीचा रस्सा आणि साठेक माणसं. पाटावर कलश, हळदीकुंकू, फुलं. आणि शेजारी तिची बाटली, रिकामी, गळ्यात झेंडूचा हार.

"आत्या, हे काय?"

"तुझं मावंदं. काशीहून गंगा आणली की घालत्यात, मग चीनहून नदी आणली ती काय वाया घालवायची? माझ्यासारखीच बुडालेल्या गावची हाय ती."

"पाणी कुठंय?"

"वाटलं. हंड्यात मिसळलं, साठ जणांना पुरायला नगं? ये, तीर्थ घे."

"आत्या, ते न तपासलेलं पाणी होतं! लोक आजारी पडतील!"

"मला काय कळत न्हाई व्हय?" सरूबाई दुखावल्या. "तूच सांगतीस ना, परक्या गावचं पाणी गाळून, उकळून प्यावं? चार पदरी फडक्यातनं गाळलं, वीस मिन्टं उकळलं. लई गाळ व्हता."

दहा वर्षं श्रेया या घरात पाणी गाळण्यावर व्याख्यानं देत होती. त्यांचा परिणाम झालेला तिने आज प्रथमच पाहिला.

"आणि तो गाळ?" तिने विचारलं.

"टाकीन का? नदीची माती हाय. जरा-जरा अंगारा लावला सगळ्यांना."

श्रेयाने वळून पाहिलं. पंक्तीत साठ कपाळं होती आणि प्रत्येकावर तिच्या शिष्यवृत्तीचा एकेक राखाडी ठिपका. हौशीराम मामांनी तर आडवा पट्टाच ओढला होता.

"उरला तो ह्यात," म्हणत आत्याने कुंकवाचा करंडा उघडला. तळाशी चमचाभर गाळ होता. उकळण्याआधी गाळलेला, म्हणजे जवळपास जसाच्या तसा. थोडे सुती धागे, थोडं कुंकू. चिमट्याने वेचता आलं असतं. नवी बाटली, नवं सील, जुनीच चिठ्ठी. फूलिंगचा तो म्हातारा पुण्याला साक्ष द्यायला येणार नव्हता.

तिने हात पुढे केला.

"मे मधी पाणी उतरलं की आमच्या उंबऱ्यावर ठिवीन म्हणते," सरूबाई म्हणाल्या. "त्या गावाला आता वर येता येत न्हाई ना. आमच्या गावासंगं तेवढंच येईल." मग तिचा हात पाहून म्हणाल्या, "तुला पायजे व्हय? घे की. तूच आणलास."

श्रेयाने करंड्याकडे पाहिलं, बाटलीच्या हाराकडे पाहिलं, आणि करंड्याचं झाकण लावून तो आत्याच्या हातात दिला.

"सील तुटलं की ते नुसतं नदीचं पाणी असतं," ती म्हणाली.

"मग आमी दुसरं काय म्हणतोय?" मामा पंक्तीतून ओरडले. "बस आता, मासवडी गार व्हतीय. ही पण मासाच हाय, खिडकीतनं बघायला लागत न्हाई."

जेवण झाल्यावर तिने मुलाखतीचा अर्ज काढला. नमुना नष्ट झाल्यास कारण द्यायचं होतं, पर्याय चार : गळती, फुटणे, तापमान, इतर. तिने 'इतर'वर खूण केली आणि नेहमीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं, 'गाळून, वीस मिनिटं उकळून, साठ जणांनी प्राशन केला. सायंकाळी पाचपर्यंत सर्वांची प्रकृती उत्तम. उर्वरित गाळ मे महिन्यात जुन्या आंबेगावी ठेवण्यात येईल. समितीस पाहावयाचा असल्यास धरण आटल्यावर यावे.'

मग पंक्तीत बसताना आत्याने तिच्याही कपाळी लावलेला ठिपका पुसायला तिने रुमाल काढला, आणि तसाच पुन्हा खिशात ठेवला.