गायरानातला मुहूर्त

१९७८ सालच्या भाद्रपदात माणिकरावांनी आपल्या सेलूच्या कारखान्यात बनलेला पहिला ट्रॅक्टर ताडकळसच्या पलीकडे एका गायरानात उतरवला आणि पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. उभ्या पिकात वहाणा घालून जाऊ नये, ही त्यांना घरची शिकवण होती.

पीक बौद्धवाड्यातल्या धुरपताबाईचं होतं. तिनं खडे वेचून तो तुकडा कसला होता. नामांतराच्या दंगलीत तिचं घर जळालं. ज्वारी तेवढी राहिली होती, पोटऱ्यात आलेली.

ट्रॅक्टर घेणार होते गावचे किशनराव. इथंच नांगरून दाखवा, ही त्यांची अट.

"दुसरं पडीक रान नाही का?" माणिकरावांच्या पत्नी पार्वतीबाईंनी विचारलं.

"हाय की लय," किशनराव म्हणाले. "पर वैनी, ह्यांना इद्यापीठाचं नाव बदलायचंय. आमी आदी रान बदलतो."

मंडळी खदखदून हसली.

"दादा, कणीस भरू द्या," धुरपताबाई बांधावरून म्हणाली. "मंग नांगरा. मी आडवी येत न्हाई."

माणिकराव बॉनेटवरची धूळ पुसत राहिले. "पूजा उरका," ते बायकोला म्हणाले.

पार्वतीबाईंनी कुंकवाचं ताट उचललं. तळहात पुरता बॉनेटवर टेकवला आणि ताट खाली ठेवलं.

"मला कावळा शिवलाय."

माणसं मागं सरली. किशनराव तोंड फिरवून थुंकले. "मंग हात कशाला लावलाव, वैनी? बाटवलं की समदं! आज मुहूर्त न्हाई आता."

धुरपताबाई मटकन बांधावर बसली. माणिकराव बायकोकडे पाहत होते. चारच दिवसांपूर्वी पाळी संपल्यावर न्हाऊन तिनं गौरींचा स्वयंपाक केला होता.

"गोमूत्र आणा," शेवटी तेच म्हणाले. "शिंपडलं की झालं."

किशनरावांची बायको बायनाबाई आली, तिनं कुंकू लावलं आणि ट्रॅक्टर चालला. फाळांवरून हिरवा रस गळत होता. त्याच्या वासात पेढे वाटले गेले.

"चारा तरी नेऊ द्या," धुरपताबाई म्हणाली.

"ने की. आमी काय राक्षस हाव?" किशनरावांनी एक पेढा वरूनच तिच्या पदरात टाकला.

किशनरावांनी तो ट्रॅक्टर पुष्कळ वर्षं वापरला. पुढे ते सरपंच झाले. बायनाबाई अजून नातवंडांना आपल्या हातचा मुहूर्त सांगते. धुरपताबाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली, परतली नाही. सेलूचा कारखाना नव्वदच्या सुमारास बंद पडला. माणिकरावांनी त्याची हकीकत छापून घेतली, तीत पहिली नांगरट पडीक माळावर झाली असं आहे.

पार्वतीबाई नंतर एकाही नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला उभ्या राहिल्या नाहीत. दर वेळी कारण तेच सांगत. पाळी कायमची गेली तरी तेच सांगत राहिल्या, आणि माणिकराव शेजारच्या बाईला बोलावणं धाडत.