शेठजींच्या गालातली पेशी

आमच्या भावनगरच्या मुलींच्या कॉलेजात कांद्याला बंदी होती. कॉलेज जैन ट्रस्टचं, त्यामुळे जमिनीखाली वाढणारं काहीही फाटकातून आत येत नसे. आम्ही बहुतेक मुली जैनच. घरीही कांदा नव्हता, म्हणून कुणाचं अडलं नव्हतं. अडलं ते विज्ञानाचा वर्ग निघाल्यावर. पेशी पाहायची ती कांद्याच्या पापुद्र्यात, असं अभ्यासक्रमात छापलेलं होतं.

वर्ग अजून कच्च्या परवानगीवर होता. युनिव्हर्सिटीचे अंताणीसाहेब येणार, प्रयोग पाहणार, मगच तो कायम होणार. बापुजींनी मला सांगून ठेवलं होतं, "तरु, वर्ग टिकला तर शीक. नाही टिकला तर वैशाखात महुव्याचं स्थळ आहेच." ते स्थळ मी पाहिलं होतं. त्यामुळे त्या पेशीची माझ्याइतकी काळजी गावात कुणालाच नसावी.

जीवशास्त्र वसुमतीबेन शिकवायच्या. फळ्यावर गोल काढून म्हणायच्या, "हे घर समजा. भोवतीचं पटल म्हणजे दारवान. कुणाला आत घ्यायचं, कुणाला हाकलायचं, तो बघतो. आत या चुली, अन्न जाळून शक्ती तयार करतात. कचरा बाहेर जातो. वेळ आली की एका घराची दोन होतात. हे सगळं चालू आहे तोवर आपण जिवंत."

"आणि मधला गोळा?" मी विचारलं.

"केंद्रक. सगळे हुकूम तिथून सुटतात."

"म्हणजे जेसंगशेठ!" मागून मंजरी पुटपुटली. जेसंगशेठ आमचे मुख्य ट्रस्टी.

वसुमतीबेननी हसू दाबलं. "फरक आहे, बेटा. केंद्रकाचे हुकूम उपयोगी पडतात."

तपासणीच्या आधी त्या मला बरोबर घेऊन शेठजींच्या पेढीवर गेल्या.

"शेठजी, एकच कांदा. कुणी खाणार नाही."

"बेन, आज प्रयोगशाळेत येईल, उद्या स्वयंपाकघरात बसेल."

"मग पेशी कुठली दाखवू?"

"तुम्हीच सांगता ना, पेशी सगळ्या जिवांत असते? माझ्यात नाही का?"

"आहे की. गालाच्या आत हवी तेवढी."

"मग माझा गाल घ्या!" शेठजी इतके खूश झाले की आम्हाला सरबत मिळालं.

तपासणी जेवणानंतर होती. अंताणीसाहेबांनी आल्या आल्या विचारलं, "कांदा कुठाय?"

"साहेब, गालाची पेशी दाखवते."

"गाल नंतर. आधी कांदा. वनस्पतीची पेशी दिसली नाही तर मी वर्ग कायम करू शकत नाही."

शेठजी मात्र पुढे सरसावले. "साहेब, या तोंडात जन्मात कांदा गेलेला नाही. तुम्ही शुद्ध पेशी तर बघा!" आणि त्यांनी आ केला.

वसुमतीबेननी बोथट काडीने गाल आतून हलकेच खरवडला, काचपट्टीवर पसरला, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तो बराच वेळ काढेनात.

"तरु, बघ जरा," त्या हळूच म्हणाल्या.

मी पाहिलं. खाखऱ्याच्या तुकड्यांसारख्या चपट्या, वेड्यावाकड्या निळसर पेशी, प्रत्येकीत एक गडद ठिपका. हा गाल. पण कडेला विटा रचाव्यात तशी सरळ भिंतींच्या पेशींची एक रांग, जांभळट गुलाबी. माणसाच्या पेशीला भिंत नसते, हे आम्ही नुकतंच शिकलो होतो.

साहेबांनी मला बाजूला सारलं. पाहिलं. भिंग फिरवून परत पाहिलं.

"वा! एकाच काचपट्टीवर दोन्ही. हा गाल, आणि हा कांदा."

"कोबी असेल," शेठजी म्हणाले.

"शेठ, माझा उभा जन्म कांदा बघण्यात गेला. लाल आहे, आणि कच्चा." साहेबांनी आवाज खाली आणला. "स्टेशनसमोरचा पाव-गाठिया ना? मलाही कांद्याशिवाय जात नाही."

शेठजींचा चेहरा पांढरा पडला. आता हे रागाने वर्गच बंद करतील, असं मला वाटलं. तेवढ्यात वसुमतीबेन पुढे आल्या.

"साहेब, आमच्याकडे फाटकातून कांदा आणायला बंदी आहे. मुलींचं शिक्षण अडू नये म्हणून शेठजींनी तो तोंडातून आणला. असा त्याग पाहिलाय कुठे?"

शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "हो," ते म्हणाले. "मुलींसाठी."

वर्ग कायम झाला. महुव्याची वरात माझ्या चुलतबहिणीकडे गेली. पुढच्या वर्षापासून प्रयोगशाळेत कांदा येऊ लागला, शेठजींच्याच हुकमाने, 'केवळ पाहण्यापुरता'.

शिकून मी तिथेच शिकवायला लागले, तेव्हाही शेठजी कधीमधी फेरी मारायचे. प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर आले की तोंडावर रुमाल धरायचे आणि बाहेर पडेपर्यंत काढायचे नाहीत. नव्या मुली भारावून म्हणायच्या, "बेन, केवढी अहिंसा! हवेतला जीवसुद्धा मरू नये म्हणून तोंड झाकतात."

"फार सांभाळतात बिचारे," वसुमतीबेन म्हणायच्या, आणि माझ्याकडे न बघता कांदा सोलायला घ्यायच्या.