मंगळवारची होडी

विश्वास ठेवणार नाही तुम्ही कुणी, पण आफ्रिकेच्या या गोल्ड कोस्टवर मंगळवारी समुद्रात होडी घालून जिवंत परतलेला माणूस एकच. तो मी.

"समुद्रदेवानं गिळलं कसं नाही तुला, म्हाताऱ्या?" जाळं विणता विणता क्वेकू खिदळला.

"गिळलं की! माझी तंबाखू बाधली त्याला. ओकून टाकलं."

सगळे हसले. मासळीला धुरी देणारी म्हातारी एकुवा तेवढी भट्टीकडे बघत राहिली.

तर डॉक्टर अबाका. विलायतेहून डॉक्टरकी शिकून आलेला आमच्यातला पहिला माणूस. भर उन्हातही काळा कोट. गोऱ्यांच्या अंगाला हात लावायची त्याला सरकारी मनाई, म्हणून आमच्या नाड्या बघायचा. त्या मंगळवारी एका पोरीला घटसर्प झालेला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टरनं मागवलेलं औषध समोर नांगरलेल्या आगबोटीवर, आणि आगबोट संध्याकाळी पुढच्या बंदराला जाणार. सरकारी होडीवरचा साहेब म्हणाला, "गोऱ्या डॉक्टरची सही आण." गोरा डॉक्टर शिकारीला गेलेला.

मग अबाका आमच्याकडे आला. मंगळवार म्हणजे समुद्राच्या विसाव्याचा वार. त्या दिवशी पाण्याला वल्हं लावायचं नाही.

"मीही कोळ्याचंच पोर आहे," डॉक्टर म्हणाला. "पाप माझ्या माथी घाला, पण होडी काढा."

"पाप तू घेशील रे बाबा," तांडेल म्हणाला, "पण लाट आमच्या पोरांवर येईल. उद्या पहाटे जाऊ."

तेव्हा मी उठलो! डॉक्टरला खांद्यावर घेतलं, होडी लोटली. लाटा माडाएवढ्या. डॉक्टरनं वाकून समुद्राची नाडी धरली, "ताप आहे," म्हणाला आणि क्विनाईनची पुडी सोडली. पाणी थंडगार! औषधाची पेटी तर एका देवमाशानंच पाठीवरून आणून दिली. दिवस बुडायच्या आत सुई टोचली, पोरगी उठून बसली, "भूक लागली," म्हणाली...

"खोटं!"

एकुवानं चिमटा खाली ठेवला.

"माझी अराबा होती ती. दारातून बघत होते मी. कुणी गेलं नाही. तूसुद्धा होडीच्या सावलीत बसला होतास. डॉक्टर एकटाच कोटासकट पाण्यात शिरायचा, लाट त्याला आणून टाकायची, तो पुन्हा शिरायचा. आगबोटीचा भोंगा वाजला, तेव्हा निथळत माझ्या घरी आला. 'नाडी बघतो,' एवढंच म्हणाला आणि तिचा हात धरून बसला. हात गार पडला तरी सोडेना. शेवटी मीच सोडवला."