जखमी हरीण आणि दोन चव्हाण

हरणाला बाण लागला तेव्हा मी टँकरच्या टपावर उभा राहून पाण्याचा पाइप गुंडाळत होतो, म्हणून मला सगळं दिसलं. सैफसाहेबांचा पाहुणा जाफर गवताच्या गंजीआड बसला होता. त्याने 'बिस्मिल्ला' म्हणून बाण सोडला. हरणाने जागच्या जागी पाठीला बाक देऊन उडी घेतली आणि मागच्या फाटकातून थेट बाहेर, उघड्या वाळवंटात धूम ठोकली. फाटक सताड उघडं होतं. ते लावायचं काम पोपटराव चव्हाणांचं होतं.

सैफसाहेबांचा मजरा, म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी, इथे गल्फमध्ये, दुखानच्या रस्त्याला लागून आहे. रानातल्या हरणाला इथे कुणी हात लावू शकत नाही. पण साहेबांची हरणं परदेशातून विकत आणलेली, रीतसर कागदपत्रांची. थंडीत कळपातला एखादा म्हातारा नर बाणाने मारायचा आणि मांस वाटून टाकायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. पोपटराव इथले अठरा वर्षांचे मुकादम, अरबी फाडफाड बोलणारे. मी तीन वर्षांपासून ड्रायव्हर.

आता ही तीन वर्षं कशी गेली ते सांगतो. मी आलो त्या दिवशी पोपटरावांनी माझा पासपोर्ट उघडला आणि त्यांचा चेहरा फुलला. "महिपती चव्हाण? आरं, मग भावकीतलाच की रं तू!" मला स्वतःच्या खोलीत खाट दिली, स्वतःच्या शेजारी जेवायला बसवलं. आमच्या पारध्यांतही चव्हाण असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण विमानात बसून गल्फला आलेला माणूस पारधी असेल, हे त्यांच्या डोक्यातच शिरणार नव्हतं. मी गप्प बसलो. जेवताना गावाकडच्या गप्पा निघाल्या की पोपटराव हटकून म्हणायचे, "पारधी? ती जातच चोर." मी भाकरी मोडत मान हलवायचो. त्या मान हलवण्याचा मला अजून संताप येतो.

तर हरीण पळालं आणि सैफसाहेब भडकले. "जनावर बाहेर तडफडत मेलं तर गुनाह मेरे सर पर," ते मोडक्या हिंदीत ओरडले. "पोपट, मगरिबच्या अजानपर्यंत हरीण मिळालं नाही तर खलास. उद्या तिकीट, घरी जा." अडीच वाजले होते. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान पाचला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? पोपटराव भिंतीसारखे पांढरे पडले. साहेब आणि जाफर लँडक्रूझरमध्ये चढले, इंजिन सुरू झालं.

मी टपावरून उडी मारली आणि गाडीच्या बोनेटला छाती लावून उभा राहिलो.

"येडा झालास का रं?" पोपटराव किंचाळले. "सर बाजूला!"

"गाडी काढू देऊ नका," मी म्हणालो. "हरणानं पाठीला बाक दिला, म्हंजी बाण पोटात हाय. आत्ता मागं लागलो तर जीव जाईस्तोवर पळंल. न्हाई लागलो तर जवळच कुठंतरी बसंल. आन् गाडीनं माग पुसला तर मग द्येवालाबी घावणार न्हाई. दीड तास थांबा म्हणावं साहेबांना."

"तुला काय ठावं यातलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. आजोबा आर्मीत होते म्हणालो असतो तरी खपलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो बाक दिलेला पाठीचा कणा होता, आणि शेजारी या माणसाचा उतरलेला चेहरा.

"माझा बाप फासेपारधी हुता," मी म्हणालो. "मीबी हाय. सांगा साहेबांना."

पोपटरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना माझ्याकडे बघवेना आणि साहेबांकडे बघायची हिंमत होईना. शेवटी ते अडखळत अरबीत काहीतरी बोलले. सैफसाहेबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि एकच शब्द उच्चारला. "गस्सास?"

गस्सास म्हणजे माग काढणारा. साहेब गाडीतून उतरले. त्यांच्या आजोबांकडे असाच एक माणूस होता म्हणे. वाळूतलं पाऊल बघून उंट कुणाचा ते सांगायचा, आणि आजोबा त्याला मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, आपल्या शेजारी बसवायचे. साहेबांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि चहाचा थर्मास मागवला.

माझ्या बापाला मात्र कुणी शेजारी बसवलं नाही. शिकारीवर बंदी आली तेव्हा त्याने फासे टाकून दिले आणि शेतांची राखण धरली. कुणाची म्हैस चुकली की गाव त्याला हाक मारायचं. कुणाकडे चोरी झाली की पोलीसही आधी त्यालाच न्यायचे.

तो दीड तास काही केल्या सरेना. पोपटराव दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. एकदा माझ्यासमोर थांबून दबक्या आवाजात म्हणाले, "तीन वर्सं माझ्याशेजारी जेवलास तू."

"जेवलो की," मी म्हणालो. "काय चोरलं?"

त्यांनी पाठ फिरवली. पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या.

चार वाजता मी उठलो. थांबण्याचं अजून एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. भर दुपारी वाळू सपाट दिसते. ऊन कललं की प्रत्येक खुराच्या खड्ड्यात सावली भरते. मी सूर्याकडे तोंड करून निघालो आणि सगळ्यांना दहा पावलं मागे ठेवलं. फाटकापासून शंभर पावलांवर पहिलं रक्त सापडलं, काळपट लाल. मागचा उजवा पाय हरीण ओढत होतं. तोवर सोपं होतं.

मग वाळू संपली आणि बारीक खडीचं मैदान लागलं. ना खूर, ना रक्त. जाफर म्हणाला, डावीकडे गेलं असणार. मी त्याचं ऐकलं नाही आणि माझ्या अकलेने उजवीकडे गेलो. चाळीस पावलं गेल्यावर कळलं की माझी अक्कलही तेवढीच. साडेचार वाजून गेले होते. मी परत फिरलो आणि शेवटच्या रक्ताच्या ठिपक्यावर पोपटरावांना उभं केलं.

"हितनं हलायचं न्हाई."

मुकादम माझ्या हुकमावर गप उभा राहिला! आणि मी गोल गोल घिरट्या घालत असताना त्याच मुकादमाने हाक मारली. "महिपती! आरं, ह्ये झुडूप बघ!"

गुडघ्याच्या वर, एका काटकीला बोटभर रक्त पुसलेलं होतं. खाली बघितलं तर एक खडा उलटलेला, खालचं गडद पोट वर करून. मग दुसरा, मग तिसरा. हरीण सरळ समोर गेलं होतं, जिकडे जाफरनेही बघितलं नव्हतं आणि मीही. मी वाकून जवळजवळ पळतच सुटलो.

पुढे जमीन खोलगट होत गेली. तिथे एका बाभळीखाली हरीण बसलं होतं, मान ताठ, वारा घेत. मी हात वर केला, सगळे थिजले. वाऱ्याच्या उलट बाजूने जाफरला हाताला धरून पुढे नेलं. "बिस्मिल्ला," तो पुटपुटला. दुसरा बाण बरगड्यांत शिरला. हरीण उठलं, दोन पावलं चाललं आणि पडलं. साहेबांनी धावत जाऊन सुरी चालवली. जनावराचे हाल संपले.

तेवढ्यात साहेबांच्या फोनवर अजान सुरू झाली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बापाच्या नावाने ओरडलो एवढं खरं. इतका आनंद मला मुलगी शालू झाली तेव्हाच झाला होता. साहेबांनी माझा खांदा दाबला. आपण पारधी आहोत याचा मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटत होता.

रात्रीच्या जेवणाला मोठ्या थाळ्यात भात आणि त्यावर मांस आलं. सैफसाहेबांनी मला आपल्या उजव्या हाताला बसवलं. एकाच थाळ्यात सगळ्यांचे हात. पोपटराव हात धुऊन आले आणि उभेच राहिले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, पलीकडे जाफरच्या बाजूलाही एक होती. मी भाताकडे बघत राहिलो.

ते माझ्या शेजारी बसले.

"पोपट," जाफरने हिंदीत विचारलं, "ये तुम्हारा कौन लगता है?"

पोपटरावांनी मांसातला सगळ्यात मोठा तुकडा तोडला आणि माझ्यापुढे सरकवला.

"चव्हाण है. पारधी चव्हाण," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत बोलले, "आमच्या भावकीतला हाय. हाय न्हवं रं?"

मी मान हलवली. ह्या वेळी मनापासून.